लुगड्याची पट्टी

सुलतानपूरची कौशल्याबाई थकली होती, आणि थकली म्हणजे कशी? भाकरी थापता थापता चुलीपुढंच डोळा लागावा, अशी. पहाटे मळ्यात मेथी खुडायची, मेहकरच्या बाजारासाठी डाल्यात भरून द्यायची, आणि घरी येऊन द्वारकीपाशी बसायचं.

द्वारकी तिची सहा वर्षांची पोरगी. तिचा डावा कान वाहायचा. पोरांचे कान वाहतातच, असं म्हणत सगळ्यांनी नुसतं तेल ओतलं, आणि पू आतल्या आत मेंदूला भिडला. एसटी बदलत बदलत नागपूर गाठलं. तिथं डोकं उघडून पू काढला, हे गावात अजून कोणाला खरं वाटत नव्हतं. पोरगी वाचली, पण उजवा हात नुसता लोंबकळत राहिला. डॉक्टर म्हणाले होते की लहान पोराचा मेंदू नवी वाट शोधतो, पण त्याला काम द्यायला पाहिजे. डावा मोकळा राहिला तर उजवा कशाला उठेल? आत्ता जागा झाला तर झाला, नाही तर जन्मभर असाच.

म्हणून जेवणाच्या वेळी कौशल्याबाई जुन्या लुगड्याच्या पट्टीनं पोरीचा डावा हात कमरेशी बांधायची. गाठ पाठीमागं, म्हणजे दातांनी सुटू नये. मग ताट पुढं सारून म्हणायचं, जेव. पोरगी रडायची. सासू अन्नपूर्णाबाई शेजारणींना ऐकू जाईल अशी बोलायची, की दगडाचं काळीज आहे या बाईचं. नवरा इंद्रभान आपलं ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसायचा. कौशल्याबाईला काय हौस होती? पण दुसरं कोणी करेना.

अलीकडं मात्र देव पावला होता. ताट ठेवून ती भिंतीला टेकायची, झोप लागायची, आणि जाग येईतो ताट साफ! उजवा हात जेवायला लागला, असं तिनं सासूला ठसक्यात सांगूनही टाकलं. पट्टी कमरेला नुसती गुंडाळल्यासारखी वाटायची, पण झोपेतून उठलेली बाई गाठी कशाला तपासते?

त्या दुपारी माश्यांनी झोप मोडली. डोळे उघडते तो काय, द्वारकी डाव्या हातानं मजेत जेवून राह्यली होती, आणि पट्टी मांडीवर पडली होती.

इतक्या दिवसांचं सगळं पाण्यात! हे सासूचंच काम, असं धरून ती परसात गेली आणि नाही नाही ते बोलली. अन्नपूर्णाबाईनं नातीची शपथ घेतली, की मी त्या पट्टीला शिवलेही नाही. म्हातारी तोंडाची तिखट होती, पण नातीची खोटी शपथ घेणारी नव्हती. कौशल्याबाई परत पोरीपाशी आली.

"कोनं सोडलं?"

"म्या."

"खोटं नको बोलू. हात तं बांधेल होता."

पोरीनं पट्टी आईच्या हातात दिली आणि पाठ फिरवून उभी राहिली. कौशल्याबाईनं करकचून बांधली. मग द्वारकीचा उजवा हात हळूहळू मागं सरकला. बोटं चाचपडली, घसरली, पुन्हा आली. पट्टीचं टोक चिमटीत धरलं, निसटलं, परत धरलं. पोरीच्या मानेवर घाम आला, आणि गाठ सुटली.

ज्या हाताला घास धरवत नव्हता, त्या हातानं! जेवायला नाही, चोरी करायला जागा झाला मेला. कौशल्याबाईला हसू आलं, आणि हसता हसता रडूच फुटलं. आता मार बसतो, असं वाटून पोरगी आक्रसली.

"माय, आता नाई सोडत," ती म्हणाली.

"सोडजो," कौशल्याबाई डोळे पुसत म्हणाली. "मले झोप लागली की सोडजो."

तिनं पुन्हा हात बांधला, या वेळी दोन गाठी मारल्या, ताट पुढं सारलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. सोंगच घ्यायचं होतं तिला, पापणीआडून पाहायचं होतं. पण कधी नव्हे ते मन निवांत झालं, आणि पहिली गाठ सुटायच्या आतच ती खरोखर झोपली.