लाल ठिपक्याची पट्टी

स्टोअरकीपरने दोन्ही पोलादी पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, अंगठ्याने शून्याची टोकं जुळवली आणि नजर दुसऱ्या टोकाकडे नेली. तिथे एक पट्टी दुसरीच्या पुढे गेलेली होती. फार नाही, गर्दीत टाचा उंचावून पाहणारा माणूस जाईल तेवढीच. आकडे मात्र दोन्हींवर तेच.

"मॅडम, हा माल सदोष आहे," तो म्हणाला. "परत पाठवतो. बिलही अडवून ठेवतो."

वर्गात हशा पिकला. चिठ्ठीशिवाय खिळाही न सोडणाऱ्या या माणसाला कारखान्यात सगळे 'कुलूप' म्हणत, आणि कुलपाने वर्गातही आपला धर्म सोडला नव्हता.

वर्ग मालकांच्या डोक्यातून निघाला होता. पंप बनवणाऱ्या कारखान्यात हिशेबनिसापासून फोनवर बसणाऱ्या बाईपर्यंत प्रत्येकाला धातू कसा ओततात, कसा घडवतात, कसा कापतात याची मूलतत्त्वं यायलाच हवीत, असं त्यांना एका परिषदेच्या जेवणात पटलं होतं. त्यामुळे बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते दाबाला दणकट पण हातोड्याला ठिसूळ, हा साक्षात्कार जन्मभर त्याच लोखंडाच्या पावत्या फाडणाऱ्यांना आता कुठे होत होता.

शिकवणारी इंजिनीअर स्टोअरकीपरच्या लेकीपेक्षा थोडी मोठी असेल. ती हसली नाही.

"सदोष नाही काका, मुद्दाम लांब केलीय. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. म्हणून ज्यावरून साचा पाडतात तो लाकडी पॅटर्न आधीच थोडा मोठा करावा लागतो. आता पॅटर्नमेकरने दर मापाला बेरजा करत बसायचं का? त्यापेक्षा त्याची पट्टीच ताणून ठेवायची. बिडासाठी शंभराला एक."

"आणि हिने दुसरं काही मोजलं तर?" हिशेबनिसाने विचारलं.

"तर असेल त्यापेक्षा कमी भरेल. घरी नेऊन खिडकी मोजाल, तर पडदे आखूड येतील. बायकोची बोलणी तुम्ही खायची, मी जबाबदार नाही." तिने लांब पट्टी उलटी करून स्टोअरकीपरच्या हातात दिली. "म्हणून चुकू नये अशी खूण करतात. बघा."

कोपऱ्यावर लाल रंगाचा ठिपका होता.

त्याने तसाच ठिपका कालच संध्याकाळी पाहिला होता. लेकीच्या डोक्याजवळ, दाराच्या चौकटीला टेकवलेल्या पट्टीवर.

लेकीला अग्निशमन दलात जायचं होतं. अर्ज भरून तयार होता, द्यायला आज आणि उद्या एवढेच दिवस उरले होते, आणि उंचीचा एक रकाना तेवढा कोरा होता. घरातली मापं घेण्याचा मान अण्णांचा. त्याचे वडील. जन्म फाउंड्रीत पॅटर्न करण्यात गेलेला. त्यांनी नातीला चौकटीपाशी उभं केलं, पेन्सिलीने रेघ मारली, जमिनीपासून पट्टी लावत गेले आणि आकडा वाचला. अटीपेक्षा बोटभर कमी.

लेकीने हसून अर्जाची घडी घातली आणि भूक नाही म्हणून झोपायला गेली.

"बरं झालं बाई," त्याची बायको म्हणाली. "लोक आगीतून बाहेर पळतात, नि हिला आत जायचंय."

तोही त्याच चौकटीला, त्याच नोकरीसाठी, बोटभरच कमी भरला होता. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणून त्याने अर्ज केलाच नाही. उंचीचं असं असतं, की ती एकदा घरात ठरली की माणूस बाहेर पडताळून पाहत नाही. शिंपी कंबर मोजतो, डॉक्टर वजनावरून कान उपटतो, आणि फॉर्मवरचा आकडा तर आपला आपणच लिहितो. तो आयुष्यभर तोच आकडा लिहीत आला, आणि स्टोअरच्या भिंतीवरची आग विझवायची नळकांडी पुसत आला.

"काका, पट्टी?" इंजिनीअर हात पुढे करून उभी होती.

त्याने पट्टी दिली. चिठ्ठी मागायला विसरला.

घरी अण्णा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. त्याने चपला काढल्या आणि खिडकीच्या काचेकडे पाहिलं. ती काच अण्णांनी मापं लिहून दिली नि दुकानदाराने कापून पाठवली, तेव्हा पहिल्याच फटक्यात चौकटीत बसली होती. काचवाल्याने अण्णांच्या मापाची तारीफ केली होती.

"अण्णा, या काचेला कुठली पट्टी लावली होती?"

अण्णांनी चष्मा काढला. वर्गाबद्दल त्यांना ठाऊक होतं. "म्हातारपणी बाराखडी" असं ते त्याला म्हणालेही होते.

"साधी."

"ठिपक्याची का नाही?"

"काच लहान आली असती. लहान काच खाली पडते."

"आणि माणूस?"

अण्णा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

"माणूस घरी राहतो," ते म्हणाले.

आतून लेक आली. डोळे सुजलेले, आवाज मुद्दाम ठणठणीत.

"बाबा, एकदा तुम्ही मोजा ना. आजोबांचा हात कापतो हल्ली."

"काल मोजलं ना एकदा," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. ती लेकीकडे पाहत नव्हती, त्याच्याकडे पाहत होती. "रात्रीत वाढली का ती?"

त्याने अण्णांची पत्र्याची पेटी उघडली. रंधा, पटाशी, आणि खाली दोन पट्ट्या. त्याचा हात आधी लाल ठिपक्याकडे गेला. सवयीचा असावा तसा गेला, आणि तिथेच राहिला. अण्णा खिडकीबाहेर पाहू लागले.

"दोन कशाला?" लेकीने वाकून विचारलं.

"एक ओतकामाची, एक बाकी सगळ्याची."

"आणि माझ्यासाठी?"

त्याने ठिपका नसलेली उचलली.

लेक चौकटीला टेकली. त्याने रेघ मारली, पट्टी लावली, आकडा वाचला. मग पुन्हा खालून लावत आला. अटीपेक्षा नखभर जास्त. लेकीने त्याच्या हातातली पट्टी हिसकावली, स्वतः मोजलं आणि किंचाळली. बायको आत गेली. एक पातेलं ओट्यावर गरजेपेक्षा जरा जोरात ठेवलं गेलं.

लेक अर्जाची घडी उलगडत होती. मध्येच थांबली.

"बाबा, आता तुम्ही उभे राहा."

"माझं काय मोजायचं आता?"

"राहा हो!"

तिने त्याला खांद्याला धरून चौकटीपाशी नेलं. त्याने टाचा मागे टेकवल्या. मानेमागे जुनी रेघ होती. तिच्यावर रंगाचे कितीतरी हात चढले होते, तरी ती लागत होती.

अण्णा खुर्चीतून उठले. सावकाश आले, नातीच्या हातातली पट्टी काढून घेऊन पेटीत ठेवली, आणि दुसरी काढली.

"अहो आजोबा, ती ओतकामाची ना?"

"हो," अण्णा म्हणाले. "त्याला हिचीच सवय आहे."

त्यांचा हात खरंच कापत होता. लाल ठिपका त्याच्या डोळ्यांसमोरून वर गेला. तोंड उघडायला त्याला पुष्कळ वेळ होता. त्याने हनुवटी सरळ केली, लहानपणी करायचा तशी, आणि समोर पाहिलं.

अण्णांनी आकडा वाचला. नेहमीचाच.

"बरोबर," तो म्हणाला.