डोंगराएवढी हो

“रडू दे गं, रडू दे. रडलं की छाती मोकळी होते,” असं म्हणत सगुणाने सान्वीला पायांवर पालथं केलं.

कोपर स्टेशनजवळच्या त्या घरातलं न्हाणीघर एवढंसंच होतं. सगुणा पाटावर भिंतीला पाठ टेकून बसलेली, साडी गुडघ्यांपर्यंत खोचलेली, पाय समोर लांब पसरलेले आणि नडग्यांच्या खोबणीत तेलाने चमकणारी दोन महिन्यांची सान्वी. बाळाची आई रसिका टॉवेल पसरून दारात उभी होती. बाळंतपणाला माहेरी आल्यापासून ती रोज इथेच उभी राहायची आणि रोज काहीतरी हरकत घ्यायची.

“मावशी, डोळ्यांत जातंय तिच्या.”

“काही होत नाही. तुझ्यापण जायचं. झालीस का आंधळी?”

शेवटचा तांब्या उरला. तो सगुणा कधीच घाईने ओतत नसे. आधी तो बाळाभोवती ओवाळायचा, मग बाळाच्या कानाशी वाकून म्हणायचं, “डोंगराएवढी हो,” आणि मगच पाणी अंगावरून हलकेच सोडायचं. हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. या एवढ्या वर्षांत कोपर ते ठाकुर्ली किती घरांतली पोरं तिच्या पायांवर न्हाली, त्याचा हिशेब तिने ठेवला नव्हता. रसिका न्हाली होती, तिचा धाकटा भाऊ ऋतुराजही न्हाला होता.

आता तोच ऋतुराज बाहेरून ओरडला, “मावशी, सगळ्यांना डोंगराएवढं व्हायला सांगतेस, तू स्वतः बघितलायस का कधी डोंगर?”

“रोज बघते. गच्चीवरून मलंगगड दिसतो की.”

“तो नाही गं. खरा.”

ऋतुराज ठाण्याच्या एका गिर्यारोहण संस्थेत काम करायचा. लोकांना हिमाचलातल्या शिखरांवर घेऊन जायचं, हीच त्याची नोकरी. सान्वी दुपट्यात गुंडाळली गेल्यावर त्याने मोबाइल पुढे केला. सगुणाने पदराला हात पुसले आणि मोबाइल लांब धरून पाहिलं.

“हा सगळा बर्फ?”

“सगळा.”

“आणि ही मुंगी कसली?”

“तो मी.”

“एवढासा?” ती हसली. मग पुन्हा बघत राहिली. “मग मी काय सांगत होते रे इतकी वर्षं पोरांना?”

त्या दिवशी तिला आणखी दोन घरं होती. एकाकडे निळ्या फरशा, दुसऱ्याकडे फुलाफुलांच्या. तिला माणसं त्यांच्या न्हाणीघरांच्या भिंतींवरून आठवत. आयुष्यभर पाय पसरून बसल्यावर समोर हातभर अंतरावर भिंतच आलेली. शेवटचा तांब्या उचलला, ओवाळला आणि ती बाळाच्या कानाशी वाकली. तिने ते शब्द म्हटले खरे, पण उगाचच एखाद्याला खोटा पत्ता सांगितल्यासारखं वाटलं.

आठवडाभराने सान्वीला धुरी देता देता ती ऋतुराजला म्हणाली, “मला ने.”

“कुठे?”

“त्या डोंगरावर. एकदा वर उभी राहीन. मग पुढच्या बाळाला सांगताना मला ठाऊक असेल, काय सांगतेय ते.”

रसिकाला वाटलं, ऋतुराज हसेल. तो हसला नाही. “डॉक्टर हो म्हणाला तर नेतो,” म्हणाला.

डॉक्टर हो म्हणाले. हसला तो सगुणाचा नवरा. आनंदा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दुपारी टीव्हीसमोर असायचा. “कोपरचा पूल चढताना रेलिंग धरतेस तू,” तो म्हणाला. “तिकडे काय धरणार? ढग?”

“तुमची आठवण धरीन.”

“मग पडशील.”

पण पहाटे चढायच्या सरावाला तिला मुंब्रा देवीच्या पायऱ्यांपाशी सोडायला तोच यायचा. पाठीवरच्या पिशवीत वजनाची सवय व्हावी म्हणून ऋतुराजने सांगितलेले तांदूळ, पायांत नवे बूट आणि अंगावर रसिकाचा जुना पंजाबी ड्रेस. सुरुवातीला ती मध्येच बसायची. उन्हाळा येईतो देवळापर्यंत न थांबता जायला लागली. उतरून थेट पहिल्या बाळाच्या घरी. पाय थरथरत असायचे, पण बाळ पायांवर आलं की थांबायचे.

निघायच्या आदल्या दिवशी ऋतुराजने तिची बॅग तपासली. जुन्या लंगोटात गुंडाळलेली एक बाटली निघाली.

“हे काय?”

“तेल. तिळाचं. ओवा, लसूण घालून कढवलेलं.”

“मावशी, तिकडे नाही लागत हे.”

“असू दे रे. तेल नको असा माणूस अजून जन्माला यायचाय.”

त्याने बाटली परत लंगोटात गुंडाळून बॅगेत ठेवली. कल्याण स्टेशनात आनंदाने तिच्या हातावर दही ठेवलं. घरून डब्यात आणलेलं. आणि म्हणाला, “येताना सफरचंदं आण. आणि तू पण ये.”

शिखराचं नाव सगुणाच्या जिभेवर शेवटपर्यंत बसलं नाही. ती त्याला ‘मोठा’ म्हणायची. “मोठा आज ढगात आहे.” “मोठा आज दिसतोय.” चार मुक्काम करत वर जायचं होतं. बरोबर ठाण्याची सात-आठ तरुण मंडळी, बहुतेक नोकरदार. नोरबू नावाचा स्थानिक वाटाड्या पुढे आणि त्याचा चुलतभाऊ मागे. सगळे ऋतुराजला सर म्हणतात हे पाहून पहिल्याच दिवशी सगुणानेही “सर, पाणी कुठे मिळेल?” असं विचारलं. ऋतुराजचे कान लाल झाले.

“मावशी, प्लीज. सर नको.”

“नको कसं? इथे तू मोठा आहेस.”

ती हळू चालायची, पण थांबायची नाही. प्रीती नावाची बँकेतली मुलगी तिच्याजवळ राहायची. एक दिवस ती म्हणाली, “सगुणाताई, तुमच्याबरोबर चाललं की दम लागत नाही.” सगुणा म्हणाली, “दम लागला तरी सांगायचं नाही, एवढंच.” दर मुक्कामाला झाडं कमी होत गेली, मग गवत गेलं, मग नुसते दगड आणि बर्फ उरला. बोलणंही कमी झालं. तंबूतून बाहेर डोकावलं की समोर भिंत नसायची, आणि पहिल्या दिवशी तर सगुणाला त्यानेच गरगरलं होतं.

शेवटच्या मुक्कामाला ऋतुराजने सगळ्यांना गोल बसवलं. “उद्या उजाडताच निघायचं. बोटं जाणवेनाशी झाली तर लगेच सांगायचं. आणि मोजे एकदम कोरडे पाहिजेत. आज घातलेले उद्या चालणार नाहीत.”

सगुणाने मान हलवली. मोजे कोरडे, हे तिने मनात पक्कं केलं. मग ऊन कलल्यावर ती स्वयंपाकाच्या तंबूत गेली, स्टोव्हवर वाटी धरून तेल कोमट केलं, आणि आपल्या तंबूत बसून स्वतःच्या पायांना लावलं. बोटांच्या बेचक्यांत, टाचांना, घोट्यांना. दुसऱ्यांच्या अंगाला जसं लावायची तसं, निगुतीने. स्वतःसाठी एवढा वेळ तिने कधी काढला नव्हता. वर कोरडे मोजे चढवले. पाय छान उबले. उद्या या पायांनी एवढं एकच काम करायचं होतं.

सकाळी मोजे थोडे गार लागले. त्यांच्यावर तिने आणखी एक जोडी चढवली आणि बूट आवळले.

बर्फाची चढण सुरू झाली तेव्हा उजेड कोवळा होता. बुटांखाली बांधलेले लोखंडी दाते बर्फात रुतायचे, पण सगुणाचा पाय बुटाच्या आत सरकायचा. बूट वर चढायचा आणि पाय मागे यायचा. ती पाय दाबून टाकत राहिली. काही वेळाने ते सरकणंही जाणवेना. तिला बरं वाटलं.

तिच्या मागून चालणारा नोरबूचा भाऊ म्हणाला, “सर, माताजी का पैर ठीक नहीं पड़ रहा.”

ऋतुराज मागे आला. “मावशी, बोटं हलव.”

“हलवतेय की.”

“जाणवतायत?”

“थंडीत कुणाची जाणवतात?”

त्याने तिला वाऱ्याच्या आड एका मोठ्या खडकापाशी नेलं, चटई अंथरली आणि बूट काढला. मोजे काढताच त्या उघड्या बर्फात लसणीचा आणि ओव्याचा वास पसरला. कोपरच्या न्हाणीघराचा वास. तिच्या पायाची बोटं मेणासारखी पांढरी पडली होती.

“तेल लावलंस?”

“थोडंसं.”

“मी मोजे कोरडे ठेवायला सांगितलेलं, मावशी. तेल प्यायलेला मोजा ऊब धरत नाही.”

“कोरडेच होते रे. तेल म्हणजे काय पाणी आहे?”

त्याने दुसराही बूट काढला. त्याचं तोंड बघून सगुणाला कळलं. ती झटकन पुढे वाकली आणि बोटं चोळायला लागली. ऋतुराजने तिची दोन्ही मनगटं धरली.

“चोळायचं नाही.”

“अरे, चोळल्याशिवाय ऊब कशी येईल?”

“इथे नाही येत. अशा वेळी चोळलं तर कातडी निघते.”

सगुणा आपल्या हातांकडे पाहत राहिली. मग तिने वर पाहिलं. शिखर अगदी जवळ वाटत होतं.

“किती राहिलंय?”

“दीड तास.”

“मोजे बदलते. हळूहळू येते. तुम्ही पुढे व्हा.”

“नाही, मावशी.”

“ऋतू, मी तुला ह्या पायांवर न्हाऊ घातलंय.”

“म्हणूनच सांगतोय ना!” त्याचा आवाज चढला, आणि लगेच खाली आला. “बोटं गेली तर सान्वीला कुठे धरशील?”

सगुणाने शिखरावरची नजर काढून आपल्या पायांकडे पाहिलं.

ऋतुराजने बाकीच्यांना नोरबू आणि त्याच्या भावाबरोबर वर पाठवलं. जाताना प्रीतीने सगुणाच्या खांद्यावर हात ठेवला. “सगुणाताई, मी फोटो आणते.” सगुणा म्हणाली, “आण बाई,” आणि तिच्या जाकिटाची अर्धवट राहिलेली साखळी हनुवटीपर्यंत ओढून दिली.

मग दोघंच राहिली.

“तू पण जा. मी बसते इथे.”

“माझं झालंय आधी. पाय दे.”

त्याने तिच्या पायांचं तेल कोरड्या कापडाने हलकेच टिपलं, न चोळता. मग तो समोर बसला, जाकीट उघडलं, आतले कपडे वर केले आणि तिची दोन्ही पावलं आपल्या उघड्या पोटाला लावून वरून जाकीट बंद केलं.

“आई गं!” तो कळवळला.

“काढ, काढ. गारठशील.”

“गप बस.”

सगुणा खडकाला पाठ टेकून बसली. पाय समोर लांब पसरलेले, आणि पायांच्या टोकाला वाकून बसलेला ऋतुराज. एवढीशी हालचाल करायलाही तिला भीती वाटली. हात मांडीवर पडून होते. त्यांना काही काम नव्हतं.

वर चढणारी माणसं मुंग्यांएवढी झाली होती.

“तिथनं काय दिसतं रे?”

“दुसरे डोंगर.”

“आणि हा?”

“हा नाही दिसत. आपण ह्याच्यावरच उभे असतो ना. खरं तर इथूनच जास्त—”

“समजूत नको काढूस,” सगुणा म्हणाली.

वारा खडकाच्या माथ्यावरून जात होता. बऱ्याच वेळाने तिच्या बोटांत एक सुई टोचली, मग दुसरी, आणि मग एकदम आग झाली. तिने ओठ दाबले, तरी डोळ्यांतून पाणी आलंच.

“कळ आली?” ऋतुराजने विचारलं. “दोन्हींत?”

तिने मान हलवली.

“मग झालं. वाचली बोटं. रड मावशी. छाती मोकळी होते.”

“माझंच मला शिकव,” ती म्हणाली, आणि रडली. तो तिच्याकडे न बघता, जाकिटावरून तिची पावलं घट्ट धरून बसला.

वरून आरोळी आली. मंडळी पोचली असावीत. ऋतुराजने मागे वळून वर पाहिलं, तशी त्याची लोकरीची टोपी सरकली आणि एक कान उघडा पडला.

सगुणाने वर पाहिलं नाही. ती पुढे वाकली, पाय न हलवता जेवढं वाकता येईल तेवढी, आणि दोन्ही हातांनी त्याची टोपी कानांवर नीट ओढली.

“वारं जाईल कानात,” ती म्हणाली.