साडेतीन फूट

“दहा झाल्या. आता अकरावी अट,” सायली म्हणाली, तेव्हा भागूबाईनं अडकित्ता खाली ठेवला.

दुपारचे दोन वाजले होते. मे महिन्याचं ऊन गल्लीत ठाण मांडून बसलं होतं. पाण्याच्या निळ्या ड्रमांना हात लागला तर चटका बसत होता. वर पत्रा आणि कडेला बुटकी भिंत असलेल्या भागूबाईच्या ओट्याची शहाबादी फरशी मात्र गार होती. ती बारा महिने गारच असायची. बायका म्हणायच्या, नशीब बाई तुमचं. भागूबाई म्हणायची, नशीब कसलं, फरशी पारखून आणली मी.

नात मोबाइलवर वाचत होती आणि आजी एकेका अटीचा समाचार घेत होती. बारावीला गणित पाहिजे, होतं. निम्म्याहून जास्त टक्के पाहिजेत, एकाहत्तर होते. प्रवेश परीक्षा, ती पोरीनं झेरॉक्सच्या दुकानात काम करता करता काढली होती. मग रहिवासी दाखला, जातीचा दाखला, तो दाखला खरा असल्याचा दाखला, उत्पन्नाचा, शाळा सोडल्याचा. “जित्ती असल्याचा नाय मागितला?” असं भागूबाईनं विचारून झालं होतं. शिक्षण कसलं, तर शहरं कशी आखायची त्याचं. चार वर्षांची डिग्री, पुण्याकडच्या कॉलेजात. घर कुठं असावं, रस्ता किती रुंद असावा, शाळा कुठं, पाणी कुठून, हे शिकायचं. भागूबाईला हसू आलं होतं. घर कुठं बांधावं हे तिनं उभ्या जन्मात कुणाला विचारलं नव्हतं.

अकरावी अट त्या कॉलेजची स्वतःची होती. आपण राहतो त्या वस्तीचा नकाशा स्वतः मोजून, स्वतःच्या हातानं काढायचा. प्रत्येक तुकड्याला रंग द्यायचा, कुणाच्या मालकीचा पिवळा, सगळ्यांच्या वापरातला निळा. सोबत आपल्या घराच्या बाँडपेपरची नक्कल. आणि खाली वस्तीतल्या सगळ्यात जुन्या रहिवाशाची सही, की नकाशा जागेवर बरोबर आहे. जागेशी जुळला नाही तर अर्ज बाद. सोमवारपर्यंत पाठवायचा होता आणि आज शुक्रवार होता.

“सगळ्यात जुनी तूच आहेस,” सायली म्हणाली.

“मंग करते की सही. मला काय येत नाय का?” भागूबाई म्हणाली. चौथीतून काढलेल्या बाईला सही येते याचा तिला कोण अभिमान.

सायलीनं कागदाची गुंडाळी उलगडली. जालना रोडच्या आतली ती सगळी गुंठेवारी वस्ती त्या कागदावर पडली होती. चौसष्ट प्लॉट, चार गल्ल्या, दोन बोळ. भागूबाईला नकाशा वाचता येत नव्हता पण आपलं घर लगेच सापडलं. कोपऱ्यावरचं. घराला लागून मागच्या सत्यभामाच्या घराकडं जाणारा बोळ. त्या बोळात, भागूबाईच्या भिंतीला चिकटून, एक पट्टी कोरी होती. बाकी सगळा कागद रंगलेला, तेवढीच कोरी.

“हा तुझा ओटा,” सायली म्हणाली. “साडेतीन फूट. याला कुठला रंग देऊ?”

भागूबाईनं दुसरंच विचारलं, की एवढी वस्ती एकटीनं मोजली कशी, टेपचं दुसरं टोक कुणी धरलं.

“ते काका होते ना.”

“कोण काका?”

कुठले ते सायलीलाही ठाऊक नव्हतं. खाकी बुशशर्टवाले. चार दिवस रोज दुपारी यायचे, सगळे झोपलेले असायचे तेव्हा. टेपचं टोक धरून एक गुडघा जमिनीला टेकवून बसायचे. फारसं बोलायचे नाहीत. टेप सैल पडला की नुसतं बघायचे, मग आपोआप हात ताठ व्हायचा. तिला वाटलं होतं, खालच्या गल्लीतलं कुणी रिटायर माणूस असेल.

“तुझ्या ओट्यापाशी तेवढं बोलले,” सायली म्हणाली. “मी बाहेरच्या दगडावर टेप धरला, तर म्हणाले, बाई, दगडावर नको, कोळशावर धर. मला कुठं कोळसा दिसेना. मग त्यांनीच बोट ठेवलं, इथं. तिथून समोरच्या भिंतीपर्यंत बोळ बरोबर सहा फूट भरला.”

घराची भिंत आणि ओटा जिथं मिळतात त्या कोपऱ्यावर तिनं बोट टेकवलं होतं. भागूबाईनं पाय जवळ ओढून घेतले. फरशी आज जरा जास्तच गार लागत होती.

सांडू, भागूबाईचा नवरा, मोजणी खात्यात साखळी धरायचा. साहेब छत्रीखाली उभे राहून दुर्बिणीतून बघायचे आणि हा बाभळीच्या काट्यांतून साखळी ओढत जायचा. गंगापूर, वैजापूर, कुठं कुठं. सव्वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या आणि कुणाची बोटभर इकडची तिकडं केली नाही. हद्दीचा दगड रोवायचा तर आधी खड्ड्यात कोळसा टाकायचा, ही त्या लोकांची जुनी रीत. दगड माणूस हलवतो. कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, जिथं टाकला तिथंच बसून राहतो.

छत्तीस वर्षांमागं इथं नुसतं पडीक रान होतं. प्लॉट पाडणाऱ्यानं रविवारी सांडूलाच बोलावून आखणी करून घेतली. त्यातला कोपऱ्यावरचा वीस फुटी प्लॉट सांडूनं घेतला. पाया खणून झाला आणि तो मोजणीवर वैजापूरला गेला. भागूबाई रिकाम्या रानात एकटी उभी राहिली. सासरी दहा वर्षं तिनं मागच्या अंधाऱ्या खोलीत काढली होती. तिला ओटा पाहिजे होता. रस्त्यावरून जाणाऱ्यानं वळून रामराम घातला पाहिजे असा. मागचा प्लॉट अजून विकला नव्हता. बोळ कुणाचाच नव्हता. तिनं पहाटे पहारीनं दगड काढला आणि साडेतीन फूट पुढं नेऊन रोवला.

सांडू परतला तेव्हा ओट्याला फरशी बसली होती. त्यानं दगडाकडं पाहिलं. एवढंच विचारलं, “कोळसा काढलास?”

“कसला कोळसा?” ती म्हणाली होती.

त्यावर तो पुन्हा कधी बोलला नाही. मरेपर्यंत त्या ओट्यावर बसला मात्र नाही. चहासुद्धा उंबऱ्यात उभ्यानं प्यायचा. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली. सायली तेव्हा पोटातही नव्हती. त्याचा ओळखपत्रावरचा एकमेव फोटो ओल लागून गेलेला. पोरीनं आजोबाचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं.

आणि कोळशाचं भागूबाईनं कुणालाही, पोटच्या पोरालाही, कधी सांगितलं नव्हतं.

“आपलं लिही. पिवळा दे,” ती म्हणाली.

सायली खालमानेनं म्हणाली, की बाँडपेपरवर वीस फूट आहेत. साडेतेवीस दाखवले तर ते लोक जुळवून बघतील.

“मंग निळा दे.”

“निळा दिला तर त्यात आपलं बांधकाम दिसतं, आजी. त्याला शब्द लिहावा लागतो. अतिक्रमण.” मग ती म्हणाली, “आणि त्याच्या खाली तुझी सही.”

भागूबाई ताडकन उठली. चोर म्हण सरळ, म्हणाली. शहर शिकायला निघालेली पोरगी आधी घरच पाडायला बसली, म्हणाली. आणखी बरंच म्हणाली. सायली ऐकून घेत होती. शेवटी तिनं कागद गुंडाळला, टेप तिथंच ओट्यावर ठेवला आणि म्हणाली की नसेल जमत तर राहू दे, पुढच्या वर्षी दुसरीकडं बघू. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तेच भागूबाईला लागलं. या वयात हिला सोडून द्यायची सवय कुणी लावली?

शनिवारी सायली दुकानात गेली. गोकुळ, भागूबाईचा मुलगा, वाळूजला कंपनीत. सून माहेरी. दुपारी दोनला भागूबाई अंथरुणावर पडली नाही. ओट्यावर येऊन बसली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कुणाचा कूलर चालू नव्हता, वीज गेली असावी. टेप कालपासून तिथंच पडला होता, त्याचं पितळी टोक बाहेर आलेलं.

ती सुपारी कातरत होती. आवाज आला तो आधी तिला अडकित्त्याचाच वाटला. मग कळलं, की हा आवाज ती वर्षानुवर्षं ऐकत आली होती, सांडू संध्याकाळी दाराशी साखळी उतरवायचा तेव्हाचा. एकेक कडी दुसऱ्या कडीवर पडत जाते तसा. तो फरशीच्या खालून येत होता.

टेपचं टोक सरकलं. वारा नव्हता. पिवळी पट्टी फरशीवरून हळूहळू गेली, तिच्या पायाला चाटून, भिंतीच्या त्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिथं थांबली. मग डबी बोळात घरंगळली आणि पट्टी ताठ झाली. इतकी ताठ, की तिच्यात झोल म्हणून नव्हता. समोरच्या भिंतीपाशी उन्हात कुणीच नव्हतं. धुळीत तेवढा एक गोल खळगा पडला होता, टेकवलेल्या गुडघ्याएवढा.

भागूबाईनं आयुष्यात कुणाला घाबरून आवाज खाली केला नव्हता. आता तो खाली आला.

“कशाला आलात?” ती म्हणाली. “नातीचा फारम आहे. तिचं नुकसान करू नका.”

पट्टी तशीच ताठ राहिली. भागूबाईला त्या बोळात दुसरंच दिसायला लागलं. अकरा वर्षांमागं सत्यभामाचा नवरा घरातच वारला. अडीच फुटांच्या बोळातून तिरडी निघेना. वळवून पाहिली, आडवी करून पाहिली. शेवटी चौघांनी त्याला उभा धरून आणला, दारू प्यायलेल्या माणसाला घरी नेतात तसा. मान हलत होती. सत्यभामा मागून चालत होती, त्याची टोपी हातात घेऊन. आणि भागूबाई याच ओट्यावर उभी होती. ती काय म्हणाली होती ते बाकी कुणाच्या लक्षात राहिलं असेल नसेल. ती म्हणाली होती, सांभाळून न्या, रंग नवा आहे भिंतीचा.

पट्टी सैल पडली. टोक खटकन डबीत गेलं.

संध्याकाळी गोकुळ कामावरून आला तर ओट्यावरचं सामान घरात होतं. भागूबाईनं त्याला सांगितलं, की उद्या सुट्टी आहे, घण आण. त्याला आधी कळलंच नाही. मग तो चिडला. एवढी वर्षं कुणी एक शब्द बोललं नाही, महापालिकेची नोटीस नाही, मग आजच का?

“माय, तुला येड लागलं का? लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणायच्या आत तोडायचं,” भागूबाई म्हणाली. “त्या कागदावर तो शब्द आणि त्याच्याखाली माझं नाव, असं माझ्या नातीनं पुण्याला न्यायचं? मी जित्ती असताना?”

दुपारचं तिनं सांगितलं नाही. सायलीलाही नाही.

रविवारी सकाळी फरशी फुटली. वरचा पत्रा उतरवला, बुटकी भिंत पाडली, बाहेरचा दगड उपटला. गल्ली जमली. तिच्या तोंडाला घाबरून कुणी विचारलं नाही, पण एकमेकांत बोलणं चाललं होतं. कोपऱ्यात गोकुळनं पहार घातली तशी मऊ लागली. मातीतून ओंजळभर कोळसा वर आला. काळाभोर, कोरडा, काल चुलीतून काढल्यासारखा. सायली वाकून बघत राहिली. मग तिनं आजीकडं पाहिलं. आजी दुसरीकडं बघत होती.

“काका कोण होते, आजी?” तिनं हळूच विचारलं.

“मोजणारे होते,” भागूबाई म्हणाली. “मोज आता. कोळशावरनं धर.”

सहा फूट भरले. सायलीनं कोऱ्या पट्टीला निळा रंग दिला. भागूबाईनं चष्मा लावून, एकेक अक्षर दाबून, कागदाला भोक पडेल अशी सही केली. भागूबाई सांडू. नकाशा जागेवर बरोबर होता.

ऊन वर आलं तशी माणसं पांगली. भागूबाईला बसायला जागा उरली नव्हती. ती उंबऱ्यात उभी होती. गुडघे दुखत होते पण आत जाववत नव्हतं, कारण सत्यभामा दार उघडून बोळात आली होती.

ती काही बोलेल असं भागूबाईला वाटलं. शिवी दिली असती तरी चाललं असतं, तिच्याजवळ उत्तर होतं. सत्यभामा मलब्यातून वाट काढत बोळाच्या मधोमध आली आणि थांबली. तिनं दोन्ही हात सावकाश बाजूंना पसरले, अगदी खांद्यांच्या रेषेत, बोटं ताणून. एका बाजूला बघितलं. दुसऱ्या बाजूला बघितलं. बोटं कुठल्याच भिंतीला लागत नव्हती.

बराच वेळ ती तशी उभी राहिली. मग हात खाली घेतले, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि भागूबाईकडं न बघता घरात गेली.