डावा हात

आज धाकट्या बाईंच्या तासाला तपासणी अधिकारी बसणार होते, आणि त्यांच्या शेऱ्यावर बाईंची नोकरी कायम होणार की आणखी वर्षभर लोंबकळणार, हे ठरायचं होतं. "कायम होऊनच घरी ये," असं नवरा दारातून ओरडला होता. नवऱ्याला काय जातं ओरडायला!

धडा होता इंग्रजीतल्या ॲपॉझिटिव्हचा. म्हणजे नावाशेजारी, दोन स्वल्पविरामांच्या मधे, त्या माणसाची छोटीशी ओळख ठेवायची. सोपं प्रकरण, पण मुलं एक तर दुसरा स्वल्पविराम विसरतात, नाहीतर ओळखीच्या जागी अख्खं चरित्र लिहितात. बाईंनी आठवडाभर वाक्यं घोटून घेतली होती. शिवाय मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, शाळेची जुनी युक्ती कानात सांगितली होती. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. बाईंनी फक्त उजव्यांना उठवायचं, की साहेब खूश.

साहेब मागच्या बाकावर बसले. फळ्यावर लिहिताना बाईंच्या हातातला खडू मोडला. त्यांनी प्रश्न विचारला, तसे भराभर सगळे हात वर गेले. दोन उजव्यांनी पोपटासारखी उत्तरं दिली. बाईंचा जीव जरा भांड्यात पडला.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "आता मी उठवतो. ती खिडकीजवळची मुलगी."

खिडकीजवळची म्हणजे चिमणी. आवाज जेमतेम ऐकू येतो म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. तिचा डावा हात वर होता. "तू आपला डावाच ठेव," असं सांगून बाईंनी सरावाच्या पहिल्याच दिवशी तिचा विषय मिटवला होता.

चिमणी उभी राहिली. ओठ हलले, पण शब्द फुटेना. मागे कुणीतरी खुसखुसलं. तिचे डोळे भरून आले आणि ती बाईंकडे बघत राहिली. तिने तर सांगितलं तसंच केलं होतं.

'काल ताप होता तिला' असं ठोकून द्यावं, हे बाईंच्या जिभेवर आलं होतं. पण त्या डोळ्यांपुढे ते बाहेर पडेना.

"साहेब, तिला येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तिने ते मला कळवलंय. डावा हात म्हणजे येत नाही, असं मीच शिकवलंय त्यांना."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग शिकवा आता. मी बसलोय."

घोटलेलं काहीच आता कामाचं नव्हतं. त्या चिमणीच्या बाकावर जाऊन बसल्या.

"घरी कोण असतं गं?"

"आत्या."

"साहेबांना काय माहीत आत्या कोण? ओळख करून दे की."

"कपडे शिवते. आणि भांडते."

वर्ग हसला. "भांडण मागाहून," बाई म्हणाल्या. "आधी शिवण."

चिमणीने लिहिलं, 'माय आँट, अ टेलर, फाइट्स विथ एव्हरीवन.' दोन्ही स्वल्पविराम जागच्या जागी होते.

"अजून एक!" बाई म्हणाल्या. त्यांना साहेबांचा विसर पडला होता.

चिमणीने विचार केला, लिहिलं आणि कधी नव्हे ते मोठ्याने वाचलं, "माय टीचर, अ गुड लेडी, इज अफ्रेड."

या खेपेला कुणी हसलं नाही. "बरोबर आहे," एवढंच बाईंना बोलता आलं.

साहेब उठून बाकापाशी आले. "हातांचं मला लिहावं लागेल, बाई," ते हळूच म्हणाले. "यंदा कायम होणं कठीण आहे."

"लिहा," बाई म्हणाल्या. घरी काय सांगायचं, याची भीती मात्र होतीच.

साहेब दाराबाहेर गेले. चिमणीने बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि खोडरबर हातात घेतलं.

"बाई, अफ्रेड खोडू का?"

"राहू दे," बाई म्हणाल्या. "खरं आहे ते."