सातव्या खाटेकडून

"तू माणसांची तोंडं बघतच नाहीस, इंदाय, नुसते हात बघतेस," कोन्सोर्सिया पडल्या पडल्या लेकीला म्हणाली. "अशा बाईला नवरा मिळायचा कुठून?"

"नाही मिळाला तेच बरं झालं, नाय. बिचाऱ्याला जेवायला बसायच्या आधी दहा वेळा हात धुवावे लागले असते."

आईला ती नाय म्हणे, आणि आई तिला इंदाय, म्हणजे पोरी. आजूबाजूच्या खाटा हसल्या. कोन्सोर्सियाने चाळीस वर्षं बंदरावर सुकी मासळी विकली होती. मांडीच्या हाडात पट्टी बसवून चार दिवस झाले होते, पण आवाज अजून बाजारातलाच होता; ती बोलली की अख्खा वॉर्ड ऐकायचा.

लुदिविना हसली, पण नजर हटवली नाही. पाचव्या खाटेशी वॉर्डचा परिचारक जेर्विन ड्रेसिंग बदलत होता. त्याने त्याच हाताने तोंडावरचा मास्क वर सारला आणि पुन्हा जखमेला हात लावला. लुदिविनाने वही काढली, घड्याळ पाहिलं, दहा वाजून वीस मिनिटं असं लिहिलं.

"लिहा, मानांग, लिहा," जेर्विन मान वर न करता म्हणाला; मानांग, म्हणजे ताई, असंच तो तिला म्हणे. "माझं नाव आता त्या वहीला पाठ झालं असेल."

"चुकायचं सोड, मग वही दुसरं काहीतरी पाठ करेल."

प्रांताच्या सरकारी रुग्णालयात ती अकरा वर्षं हेच काम करत होती. माणूस घरून जे दुखणं घेऊन येतो ते वेगळं आणि इथे आल्यावर त्याला जे चिकटतं ते वेगळं. हे दुसरं शोधायचं. कुणाला ताप चढला, कुणाची जखम लाल झाली, कोणत्या खाटेवरून कोणत्या खाटेवर गेलं. सगळे वॉर्ड तिचे होते आणि एकाही वॉर्डाची ती नव्हती. ती दारात दिसली की परिचारिका उगाचच बाटल्या सरळ करू लागत. तिला ते कळत असे, आणि जी जास्त बाटल्या सरळ करी तिच्यावर तिचा संशय अधिक बसे.

तिला कामावर असताना आईजवळ बसता येत नव्हतं, म्हणून तिया, म्हणजे मावशी, पासिंगला पैसे देऊन ठेवलं होतं. इथे प्रत्येक खाटेशी घरचं एक माणूस राहतंच. बंताय म्हणतात त्याला. जेवू घालायचं, पुसायचं, कूस बदलायची, औषध धावत आणायचं, सगळं बंतायने. ज्यांची मुलंबाळं मनिलात नाहीतर आखातात, त्यांच्यासाठी पासिंग बंताय होई. साठी उलटलेली, काटक बाई. पेरूच्या पाल्याचं उकळलेलं पाणी प्लास्टिकच्या एका मोठ्या जगमध्ये घेऊन यायची आणि स्वतःच्या पेशंटबरोबर शेजारच्या दोघी-तिघींचंही अंग पुसून टाकायची.

त्या दिवशी लुदिविनाने सातव्या खाटेवरच्या मुलीच्या पोटावरचं ड्रेसिंग कडेने उचलून पाहिलं. पिवळा पू होता. तिने लिहून घेतलं. मग आईने हाक मारली, "ही चिकटपट्टी चावतेय गं, जरा बघ." तिने बघितलं, सुटलेली कडा अंगठ्याने दाबून बसवली, आईच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि पुढे गेली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी आईला ताप भरला. तक्त्यावर मात्र सकाळी सदतीस, दुपारी सदतीस, संध्याकाळी सदतीस. आईचा, शेजारणीचा, सगळ्या वॉर्डाचा ताप एकाच हाताने, एकाच दमात लिहिलेला. लुदिविनाने तो तक्ता खाटेवरून काढून घेतला आणि कुलपात ठेवला. पुरावा म्हणून. आठव्या दिवशी, दुपारच्या भाताच्या वेळी, जखमेचं विष रक्तात भिनून कोन्सोर्सिया गेली.

नऊ दिवसांची प्रार्थना घरी चालू असतानाही लुदिविना ओठ हलवत होती आणि मनात हातांची यादी करत होती.

कामावर परतली त्या दिवशी प्रयोगशाळेचे कागद आले होते. सातवी खाट, आई, तिसरी खाट, आणि बाजूच्या खोलीत एकटी ठेवलेली भाजलेली बाई. चौघींमध्ये एकच जंतू, त्याच त्याच औषधांना न जुमानणारा. म्हणजे कोणीतरी वाहून नेला होता.

ती तडक वॉर्डात गेली. पासिंग दुसऱ्या एका म्हातारीला पुसत होती.

"तिया, तो जग द्या इकडे."

"अगं, हे आजचं आहे. सकाळीच उकळलंय."

"उकळलंय की नाही ते प्रयोगशाळा सांगेल."

पासिंगने जग दिला नाही, छातीशी धरला. "तुझ्या आईला मी माझ्या आईसारखं पुसलं, इंदाय. शेवटी तुझं नाव घेत होती तेव्हा तोंडात पाणी मी घातलं. आणि तू मला सगळ्यांसमोर…"

"जग द्या."

लुदिविनाने जग घेतला. दुसऱ्या दिवसापासून फाटकावरचा शिपाई पासिंगला आत सोडीना.

प्रयोगशाळेत त्या पाण्यात एकही जंतू वाढला नाही. लुदिविनाने ते रुग्णालयाच्या प्रमुखांना, डॉक्टर व्हिल्यारुझना सांगितलं.

"आजचं पाणी स्वच्छ निघालं म्हणजे त्या दिवशीचं होतं असं नाही," ते शांतपणे म्हणाले. "हे तूच आम्हाला शिकवलंस, लुदी. गुरुवारच्या बैठकीत नोंद करू. बाहेरून आणलेलं पाणी. भाड्याचे बंताय बंद. विषय संपला. तुलाही शांती मिळेल."

ते फारच सहज म्हणाले. रुग्णालयाचा दोष नाही, कुणाची बदली नाही, हात निर्जंतुक करायच्या रिकाम्या बाटल्यांचा प्रश्न नाही. तिला त्यांचाही संशय आला आणि कोण कोणत्या खाटेपाशी गेलं होतं त्याचा तक्ता ती पुढे घेऊन बसली.

आडव्या चार खाटा. उभी नावं. नावांसाठी छापील कागदावर दोनच मथळे होते, वॉर्डचे कर्मचारी आणि नातेवाईक. जेर्विन भाजलेल्या बाईच्या खोलीत गेलाच नव्हता. तिथली परिचारिका वेगळी. शल्यचिकित्सक त्या आठवड्यात तिसऱ्या खाटेकडे फिरकले नव्हते. पासिंग सातवी, आई, तिसरी इथपर्यंत पोचत होती, पण भाजलेल्या बाईच्या खोलीत बाहेरच्या माणसाला सोडतच नसत. चारही ठिकाणी पोचलेला एकही हात नव्हता.

जेर्विनची चूक नक्की कुठल्या तारखेची होती ते पाहायला तिने आपली वही उघडली.

दहा वीस, जेर्विन. त्याखाली, दहा पस्तीस, खाट सात, ड्रेसिंग उचलून पाहिलं, पू. नळाला पाणी नाही, बाटली रिकामी, तक्रार करणे. दहा चाळीस, नाय, चिकटपट्टी. दहा पन्नास, खाट तीन, जखम दाबून पाहिली, ठीक. अकरा दहा, बाजूची खोली.

अक्षर तिचंच होतं. ती बराच वेळ तक्त्यात आपलं नाव कुठे लिहायचं ते शोधत राहिली. वॉर्डची कर्मचारी ती नव्हती. आणि नातेवाईकांच्या रकान्यात आईसमोर तिने स्वतःच्या हाताने पासिंगचं नाव घातलं होतं.

गुरुवारी पासिंगला बोलावून दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं होतं. तिने चर्चला जायचे कपडे घातले होते. मेट्रन फाईल चाळत होती, जेर्विन नखं बघत होता. व्हिल्यारुझनी ठराव वाचला आणि पेन पुढे केलं.

"लुदी, सही."

"त्या खोलीत तिया गेल्या नव्हत्या," लुदिविना म्हणाली.

"एका खोलीचं काय घेऊन बसलीस? तीन खाटा जुळतात ना?"

"चारही जुळणारं एक माणूस आहे."

जेर्विनने मान वर केली. "आता मीच असणार," तो म्हणाला. "बोला, मानांग, सवय आहे."

"तू नाहीस."

"मग कोण?" मेट्रनने विचारलं.

लुदिविनाने वही उघडून टेबलावर ठेवली आणि मेट्रनकडे सरकवली. मेट्रन वाचता वाचता थांबली. पुन्हा वरून वाचू लागली. व्हिल्यारुझनी वही आपल्याकडे ओढली.

"हे सिद्ध होत नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले. "असल्या गोष्टी कधीच सिद्ध होत नाहीत. विचार कर. आईच्या दुःखात माणूस काहीही बोलतं."

"सिद्ध नाही होणार. पण दुसऱ्या कुणाच्या नावापुढे एवढं जुळलं असतं तर मी ते लिहिलं असतं. अकरा वर्षं लिहीत आलेय."

या टेबलाशी बसून तिने कितीतरी नावं वाचून दाखवली होती. खाली मान घालून बसलेल्या पोरी, चिडलेले डॉक्टर, एकदा तर रडणारा एक सफाईवाला. त्यांत स्वतःचं नाव कधी नव्हतं. ती उठली आणि दाराजवळच्या खुर्चीकडे वळली. पासिंग उठू लागली, तिने हाताने थांबवलं, मग तो हात मागे घेतला.

"तिया," ती म्हणाली, "नळाला पाणी नव्हतं. मी सातव्या खाटेकडून हात न धुता नायकडे गेले. तिला ते माझ्याकडून लागलं."