मधल्या सीटला कोण विचारतं?

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. तीही विमानातली. पण "अरे वा!" म्हणून एवढ्यात खूश होऊ नका, कारण मी मधली आहे. माझ्या एका बाजूला खिडकीताई आणि दुसऱ्या बाजूला जाण्यायेण्याच्या वाटेवरची धाकटी. आम्ही तिघी बहिणी एकाच सांगाड्याला जोडलेल्या. ताईकडे बसणाऱ्याला ढग दिसतात. धाकटीकडे बसणाऱ्याला कोणाला न उठवता उठता येतं आणि पायही जरा लांब करता येतात. माझ्याकडे बसणाऱ्याला काय मिळतं? दोन्हीकडच्यांची कोपरं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आधी सांगाडा, मग गादी, मग पट्टा. माझ्यावर जड पोती टाकली, मला गदागदा हलवलं, पाठ पुढे-मागे करून पाहिली. या सगळ्यातून मी पास झाले. माझं निळं कव्हर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी शिवलं होतं. काम संपल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हळूच माझ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "छान झालीय हं! बसणारा दुवा देईल." ते वाक्य मी जिवापाड जपलं. कारण नंतर दुवा देणारं कोणी भेटेचना.

लोक आत यायचे, हातातला कागद बघायचे, वरचा आकडा बघायचे आणि त्यांचा चेहरा पडायचा. "मधलीच आली का नशिबात!" असं म्हणत ते माझ्यावर बसायचे. तसे माझ्याकडे नाना तऱ्हेचे लोक येऊन गेले. एक बेकरीवाले पट्टा लावायच्या आत घोरायला लागायचे. एक वकीलबाई कोर्टातलं भाषण मनात घोकता घोकता मध्येच जोरात "हरकत आहे!" म्हणाल्या आणि ताईकडच्या माणसाने दचकून आपलं कोपर काढून घेतलं. मला फार मजा वाटली. नाक मुरडत का होईना, पण माणसं माझ्यापाशी बसून राहायची, आणि त्यांची सोबत मला आवडायची.

मग आले ते अलर्ट. तुम्हाला माहीत असेलच. फोनमध्ये सांगून ठेवायचं की मला चांगली सीट हवी आहे. कोणी तिकीट रद्द केलं, कोणाचा बेत बदलला, की फोन "टिंग" करतो आणि विचारतो, ही सीट मोकळी झाली आहे, हवी का? आधी जो "होय" दाबेल त्याची ती सीट. झालं! तेव्हापासून विमानाचं दार बंद होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायला लागला. टिंग वाजलं की माझ्यावरचा माणूस ताडकन उठायचा. एक दाढीवाले गृहस्थ तर इतक्या घाईने पळाले की त्यांचा एक बूट माझ्या पायाशीच राहिला. मागे वळून बघावं असं कोणालाच वाटत नसे. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

या अलर्टच्या विद्येतले सगळ्यात मोठे पंडित म्हणजे घंटीकाका. त्यांचा फोन सारखा वाजायचा, म्हणून विमानातल्या मंडळींनीच त्यांना हे नाव ठेवलं होतं. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, त्यामुळे वर जाण्याचं त्यांना काहीच वाटत नसे. परगावी राहणाऱ्या लेकीला भेटायला ते वरचेवर जायचे, पण एकटेच. कधी माझ्यावर येऊन बसलेच, तर शेजारच्यांची शिकवणी घ्यायचे.

"तिकीट काढलं म्हणजे काम संपलं असं समजू नका," ते सांगायचे. "खरं काम तिथून सुरू होतं. अलर्ट लावायचा, फोन हातात ठेवायचा, आणि टिंग झालं की वाचत बसायचं नाही. आधी होय दाबायचं, मग वाचायचं. वाचणारे राहतात मागे!"

तेवढ्यात टिंग व्हायचं आणि काका पुढे पसार.

एके दिवशी मात्र काका काकूंना घेऊन आले. काकू रुग्णालयात नर्स होत्या. मोठमोठ्या पैलवानांना त्यांनी सुई टोचून गप्प बसवलं होतं. पण विमानाला मात्र त्या फार घाबरायच्या. लेकीला बाळ झालं होतं, नात आजीची वाट बघत होती, म्हणून त्या मनाचा हिय्या करून निघाल्या होत्या. काका धाकटीकडे बसले आणि काकू माझ्यावर. ताईकडे कानात गाणी लावलेली एक मुलगी होती.

"अहो, ठरलंय ते लक्षात आहे ना?" काकू म्हणाल्या. "वर जाताना हात सोडायचा नाही. आज जमलं तर पुन्हा येईन. नाही जमलं तर नातीला फोनवरच बघायचं आयुष्यभर."

"अगं, सोडतोय कशाला? उलट तुझ्यासाठी मी पुढच्या मोठ्या वर्गाचा अलर्ट लावलाय, दोघांसाठी. तिथे पाय पसरून आरामात..."

टिंग! काकांचं वाक्य अर्धं राहिलं, पण अंगठा नाही राहिला. होय दाबून मोकळे! "मिळाली!" ते ओरडले, उठले, वरची पिशवी काढली. "चल, चल लवकर!"

तेवढ्यात विमानातल्या मदतनीस बाई हसत आल्या. "अभिनंदन, काका! तुम्हाला पुढे जागा मिळाली."

"आम्हाला," काका म्हणाले.

"नाही, तुम्हाला. एकच सीट मोकळी झाली होती. दोघांना जागा नाही, एकालाच चालेल का, असं फोनने विचारलं होतं. तुम्ही होय म्हणालात."

"मी? कधी?"

"आत्ताच."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते परत धाकटीवर बसायला गेले, तर तिथे एक ताडमाड उंच माणूस येऊन उभा! गळ्यात शिट्टी, शाळेत खेळ शिकवणारे मास्तर होते ते. मागच्या रांगेत गुडघे हनुवटीला लावून बसले होते. काकांची सीट सुटताच त्यांच्याही फोनने टिंग केलं होतं. "माफ करा हं, ही आता माझी," असं म्हणून ते खाली बसलेसुद्धा.

वाटेत गर्दी झाली. मागचे लोक "चला, चला" करायला लागले. काकू म्हणाल्या, "जा तुम्ही. मिळालीय तर बसा. मी काय लहान आहे का?" काका पिशवी घेऊन पुढे गेले, पण पावलोपावली मागे बघत.

मित्रांनो, काकूंचे शब्द खंबीर होते, पण हात माझ्या हातांवर होते ना! ते थरथरत होते. मी आजवर हजारो माणसं सांभाळली, पण मला बोट नाही की मी कोणाचा हात धरू शकेन. त्या दिवशी मला माझी खरोखर लाज वाटली. मी नुसती गादी होते.

थोड्याच वेळात काकूंनी मास्तरांना विचारलं, "दार बंद झालं का हो?"

"अजून नाही. का?"

"मला उतरायचंय," काकू म्हणाल्या आणि पट्टा सोडायला लागल्या.

इतकी माणसं माझ्यावरून पळाली, पण त्यांना चांगली जागा हवी होती म्हणून. या बाई उतरल्या असत्या तर नातीपासूनच दूर गेल्या असत्या. मी माझा पट्टा जमेल तितका अडकवून धरला. तो जुना झाल्यामुळे तसाही अडकतोच, पण त्या दिवशी मी मनापासून अडकवला.

आणि तेवढ्यात पुढून काका आले. तोंड पुसायला दिलेला गरम रुमाल अजून त्यांच्या हातातच होता.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही जाता का पुढे? माझ्या जागेवर?"

मास्तरांनी संशयाने वर पाहिलं. "मोठ्या वर्गात? का? काय भानगड आहे? सीट मोडकी आहे का?"

"अहो, सीट झकास आहे! पाय पसरले तरी समोर लागत नाहीत."

"मग सोडताय कशाला?"

काकांनी काकूंकडे बोट दाखवलं. "माझं माणूस इथे आहे म्हणून."

मास्तरांनी एकदा आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, एकदा काकूंच्या हातांकडे. मदतनीस बाई म्हणाल्या, "दोघांची तयारी असेल तर माझी हरकत नाही. पण पटकन!" मास्तर उठले, त्या घाईत वरच्या कप्प्यावर डोकं आपटलं, तरी हसतच पुढे गेले.

काका धाकटीवर बसले. त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. दार बंद झालं, विमान धावलं, उचललं गेलं. काकूंनी डोळे गच्च मिटले होते.

"झालं का वर जाऊन?" काकूंनी बऱ्याच वेळाने विचारलं.

"कधीच. ढग खाली राहिले."

"मग आता हात सोडा, दुखतोय."

"अगं, मी कुठे धरलाय? तूच धरलायस!"

काकूंनी डोळे उघडले आणि खुदकन हसल्या. ताईकडच्या मुलीने कानातली गाणी काढून विचारलं, "आजी, ढग बघायचेत?" मग काय, काकू माझ्यावरूनच वाकून वाकून ढग बघायला लागल्या. मास्तरांनी पुढून आपल्या वाट्याचा केक काकूंसाठी पाठवला. काकांना मात्र काकूंनी त्यातला एक घास तेवढा दिला. "न वाचता होय म्हणणाऱ्याला एवढाच," त्या म्हणाल्या.

ही झाली दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता माझा निळा रंग विटलाय, पाठीचं बटण रुसलंय. समोरच्या खिशात कोणी चॉकलेटचे कागद कोंबतं, कोणी खाली च्युइंगगम चिकटवतं. लवकरच नव्या सीटा येणार आणि आम्हा तिघींना उतरवणार, अशी कुजबुज आहे.

पण मला आता त्याचं फार वाटत नाही. कारण परवाच घंटीकाका आणि काकू पुन्हा आले. काकूंची ही कितवी फेरी, ते त्यांनाही आठवत नसावं. नात आता पळायला लागली म्हणे. काका कुरकुरत होते.

"अगं, तुला चांगली खिडकी मिळाली होती! ती सोडून तू अलर्ट लावलास, तोही मधलीचा? मधलीचा अलर्ट कोणी लावतं का?"

"मी लावते," काकू म्हणाल्या. "मिळालेली खिडकी तुमच्यापासून चार रांगा लांब होती. आणि खिडकीला काय हात असतो?"

मित्रांनो, तुम्ही खुशाल चांगल्या सीटा मिळवा. अलर्ट लावा, खिडकीत बसा, ढग बघा. फक्त माझ्या खिशात कचरा टाकू नका. आणि टिंग वाजलं की उठायच्या आधी एकदा शेजारी बघा, तिथे कोणाचा हात थरथरत नाही ना. मला विचाराल तर मी भरून पावले. इतकी वर्षं टिंग वाजायचं ते मला सोडून जाण्यासाठी. परवा पहिल्यांदा ते वाजलं माझ्यासाठी.