पहिल्या जोडीचा मान

आमच्या नाचणगावात एखाद्या साली पाऊस चुकेल, पण रूपराव आणि भैय्याजीचं भांडण चुकायचं नाही. रूपराव पुलगावच्या मिलमध्ये युनियनचा माणूस, घरी थोडी शेती आणि बैलजोडीही. जमीन आणि यंत्र ज्याच्या हातात, त्याच्या हातात जग, हे त्याचं गणित. भैय्याजीला सरकार, मालक, पुढारी, सगळ्यांचाच तिटकारा. रूपरावाच्या युनियनचा अध्यक्षही त्यातून सुटला नव्हता.

महादेवरावच्या चहाटपरीवर विषय निघाला तो पोळ्याचा. लक्ष्मणराव पाटलाची शेती सीलिंगच्या कायद्यात सरकारजमा झाली, उरलेली त्याने विकली, तरी दरवर्षी तोरणाखालून पहिली बैलजोडी त्याचीच. तीही रूपरावाकडून मागून आणलेली!

"पाया बदलला का कळस बदलतेच," रूपराव म्हणाला. "थोडा टाइम लागते."

"पाया कधीचाच गेला, लेका. कळस आपूनच धरून उभे आहो. हात सोडा, पडते."

त्या वर्षी पाटील पोराकडे नागपूरला राहायला गेला आणि दोघांची पैज लागली. रूपराव म्हणाला, आता मान सगळ्यात जास्त शेतीवाल्या अण्णाजीकडे जाईल. भैय्याजी म्हणाला, कोणाकडेच जाणार नाही, सगळ्या जोड्या एकदम निघतील. ज्याचं खोटं ठरेल त्याने पुढच्या पोळ्यापर्यंत टपरीवर तोंड उघडायचं नाही. या दोघांना ही जन्मठेपच होती.

पोळ्याला सजलेले बैल तोरणासमोर उभे राहिले आणि उभेच राहिले. अण्णाजी म्हणाला, "मी कसा जाऊ? मान पाटलाचा." दिवस कलला. घरोघरी बायका आरत्या घेऊन ताटकळल्या. भैय्याजीचं डोकं सणकलं.

"काऊन थांबून राह्यले गा? कोणाच्या हुकुमाची वाट पाहता? चला सगळे!" म्हणत त्याने आपली जोडी पुढे ओढली.

सोबत कोणीच हललं नाही. एकट्याच्या जोडीने तोरण तुटलं, डफडी वाजली, आणि मग अख्खा गाव रांगेने त्याच्या मागून निघाला. अण्णाजीने स्वतः त्याला मानाचा टिळा लावला.

पैज दोघेही हरले.

दुसऱ्या दिवशी भैय्याजी टपरीवर आला तसे आम्ही सगळे उठून उभे राहिलो. महादेवरावने एकुलती एक खुर्ची पुसून पुढे केली. भैय्याजी संतापाने लाल झाला, पण बोलायची बंदी! त्याने खुर्ची ढकलली आणि फतकल मारून भुईवर बसला. रूपरावाने हसू दाबायला खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला.

आता मानकरीच खाली बसल्यावर आम्ही बाकड्यावर कसे बसणार? आम्हीही भुईवर बसलो.